होडी का तरंगते? आणि कधी बुडते?



आठवीच्या सामान्य विज्ञानात 'बल व दाब' हा पाठ आहे. त्यात प्लावक बल येतं, आर्किमिडीजचं तत्त्व येतं. व्याख्या बहुतेकांना पाठ असते. परीक्षेत ती लिहून दोन गुणही मिळतात. पण वर्गात मी साधा प्रश्न विचारला, "होडी पाण्यावर का तरंगते?" तर अर्ध्या वर्गाचं एकच उत्तर आलं, "सर, लाकूड हलकं असतं म्हणून."

मागच्या बाकावरून पाचूबंदरची एक मुलगी म्हणाली, "सर, आमची होडी आता फायबरची आहे. बाबांनी दुरुस्तीला फायबरचा तुकडा कापला होता. मी तो बादलीत टाकला तर सरळ तळाला गेला."

वर्ग गप्प! मला मात्र फार आनंद झाला, कारण धडा तिथेच सुरू झाला होता. फायबरचा तुकडा बुडतो, पण फायबरची होडी तरंगते. असं का?

आपल्याकडे याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला जाणारी रो-रो सुरू झाली. रस्त्याने हेच अंतर जवळजवळ 38 किलोमीटर पडतं. ती रो-रो अख्खी लोखंडाची. त्यात रिक्षा, गाड्या, टेम्पो, माणसं. लोखंडाचा खिळा पाण्यात बुडतो आणि हे सगळं लोखंड आरामात खाडी ओलांडतं.

आणखी मागे जाऊ. पोर्तुगीजांकडे वसई 1534 पासून 1739 पर्यंत होती. त्या काळात इथला दगड प्रसिद्ध होता. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागातला काळा दगड वसईहून नेलेला आहे. तो गेला समुद्रातूनच. म्हणजे दगडसुद्धा तरंगत गोव्याला पोचला, फक्त जहाजात बसून! आपल्या आगाशीलाही सोळाव्या शतकात जहाजं बांधली जात. त्या कारागिरांनी आर्किमिडीज वाचला नव्हता, पण किती माल भरला की जहाज किती खाली बसतं हे त्यांना नक्की कळत होतं. तेच आज आपण समजून घेऊ.

कृती 1 : गोळा आणि वाटी

खेळायची रंगीत माती (क्ले) घ्या, साधारण लिंबाएवढा गोळा. बादलीत टाका. बुडाला. बाहेर काढा, पुसा आणि त्याच गोळ्याची पातळ, खोलगट वाटी करा. हळूच पाण्यावर ठेवा. तरंगली ना? (नाही तरंगली तर कडा अजून उंच करा. माझीसुद्धा पहिली वाटी बुडाली होती.)

माती तीच. वजन तेवढंच. एक ग्रॅमसुद्धा कमी झालेलं नाही. मग बदललं काय? गोळा असताना त्याने थोडंसंच पाणी बाजूला सारलं. वाटी झाल्यावर तीच माती खूप जास्त पाणी बाजूला सारू लागली. म्हणून वस्तू किती जड आहे एवढंच विचारू नका. ती किती पाणी बाजूला सारते, हेही विचारा.

पण पाणी वर का ढकलतं?

इथे पुस्तक जरा घाईत पुढे जातं, म्हणून आपण थोडं थांबू.

पाण्यात जसजसं खोल जावं तसतसा दाब वाढतो. विहिरीत बुडी मारणाऱ्यांना हे कानात कळतं. आता पाण्यात एक वस्तू आहे असं समजा. तिच्या वरच्या बाजूवर पाणी खाली दाबतंय आणि खालच्या बाजूवर पाणी वर दाबतंय. खालची बाजू जास्त खोल आहे, म्हणून तिथला दाब जास्त. दोन्हींची वजाबाकी केली तर वरच्या दिशेने काहीतरी शिल्लक राहतंच. हेच प्लावक बल.

ते किती असतं? यासाठी एक गंमत करू. शांत तळ्यातलं, होडीच्या बुडालेल्या भागाएवढं पाणी डोळ्यांसमोर आणा. जणू पाण्याचीच होडी. ती बुडते का? नाही. वर येते का? नाही. आहे तिथेच राहते. याचा अर्थ आजूबाजूचं पाणी तिला तिच्या वजनाएवढ्याच जोराने उचलून धरतंय. आता ती 'पाण्याची होडी' काढा आणि तिथे खरी होडी ठेवा. आजूबाजूच्या पाण्याला काय कळतंय आत काय आहे ते! ते पूर्वीइतक्याच जोराने वर ढकलत राहणार. म्हणजे होडीने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर मिळणार.

हेच आर्किमिडीजचं तत्त्व. आर्किमिडीज सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात राहायचा, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. न्हाणीघरातून 'युरेका' ओरडत धावला ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण ती गोष्ट लिहिली विट्रुव्हियस नावाच्या रोमन लेखकाने, आर्किमिडीज गेल्यावर जवळजवळ दोनशे वर्षांनी. आर्किमिडीजच्या स्वतःच्या हाताची साक्ष हवी असेल तर तरंगणाऱ्या वस्तूंवरचा त्याचा ग्रंथ आहे, दोन भागांचा. त्यात मुकुटही नाही आणि न्हाणीघरही नाही, नुसती भूमिती आहे. मला तो जास्त आवडतो.

थोडं गणित

घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहे.

पत्र्याचा एक चौकोनी डबा समजा. लांबी 20 सेंटीमीटर, रुंदी 10, उंची 5. डब्याचं वजन 200 ग्रॅम. तळाचं क्षेत्रफळ 20 गुणिले 10, म्हणजे 200 चौरस सेंटीमीटर. डबा पाण्यात 1 सेंटीमीटर बसला तर तो 200 घन सेंटीमीटर पाणी सारतो आणि तेवढ्या पाण्याचं वजन 200 ग्रॅम. डब्याचं वजनही 200 ग्रॅम. म्हणून रिकामा डबा बरोबर 1 सेंटीमीटर बसून थांबेल.

आता आत 200 ग्रॅम तांदूळ टाका. आणखी 1 सेंटीमीटर खाली. अजून 200 टाका, अजून 1. असं 600 ग्रॅम भरलं की डबा 4 सेंटीमीटर बुडालेला असेल आणि पाण्यावर काठ राहील फक्त 1 सेंटीमीटर. आणखी 200 ग्रॅम टाकले की काठ पाण्याच्या पातळीला. मग नुसती फुंकर मारली तरी पाणी आत येईल.

घरी हे करून पाहा. डबा कुठलाही चालेल, फक्त बाजू सरळ हव्यात. पट्टी लावून खुणा करा आणि प्रत्येक वेळी आधी उत्तर काढा, मग तांदूळ टाका. उत्तर जुळलं की जे वाटतं ते मी लिहून सांगू शकत नाही.

पाण्याच्या वर राहिलेला तो काठ म्हणजे होडीची शिल्लक. होडी किती सुरक्षित आहे ते पाण्याखाली गेलेल्या भागावरून कळत नाही, वर किती फळी उरली आहे त्यावरून कळतं.

आता डब्याची होडी करू. नायगावहून पाणजू बेटावर जाणारे लोक होडीने जातात, अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जायलाही होडीच लागते. समजा, एक होडी 10 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद आहे. हिशोबासाठी ती खोक्यासारखी धरू. क्षेत्रफळ 30 चौरस मीटर. ती 1 सेंटीमीटर खाली जायला किती वजन लागेल? 30 गुणिले 0.01, म्हणजे 0.3 घनमीटर पाणी, म्हणजे 300 लिटर, साधारण 300 किलो.

300 किलो म्हणजे 60 किलोची पाच माणसं. लक्षात ठेवायला सोपं आहे : पाच माणसं चढली की होडी एक सेंटीमीटर खाली. पन्नास चढली की दहा सेंटीमीटर. खरी होडी नाळेकडे निमुळती होत जाते, त्यामुळे तिचं क्षेत्रफळ कमी भरतं आणि ती याहून थोडी जास्तच खाली बसते.

"अजून दोघं येऊ द्या हो, काय होतंय!" असं धक्क्यावर कोणीतरी म्हणतंच. दोघांनी होडी अर्धा सेंटीमीटरसुद्धा खाली जात नाही, म्हणून ते खरंही वाटतं. फसवणूक तिथेच आहे. प्रत्येक दोघांच्या वेळी ते खरंच वाटतं.

आणखी एक हिशोब, जो मला स्वतःला धक्का देऊन गेला. याच होडीत पावसाचं किंवा लाटांचं पाणी साचलं, तळभर 10 सेंटीमीटर. घोट्यापर्यंतच पाणी, कोणाला भीतीही वाटणार नाही. पण 30 गुणिले 0.1 म्हणजे 3 घनमीटर, म्हणजे 3 टन. न दिसणारी पन्नास माणसं होडीत येऊन बसली! खलाशी होडीतलं पाणी सारखं उपसत का असतो ते आता कळलं?

वाळूची बादली

वैतरणेच्या आणि वसईच्या खाडीत डुबी मारून वाळू काढायची पद्धत तुमच्यापैकी काहींच्या घरी माहीत असेल. माणूस बादली घेऊन तळाशी जातो, भरतो आणि वर येतो. ती माणसं सांगतात की बादली पाण्यात हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच जड होते. हा भास नाही. वाळूचे कण पाण्याच्या सुमारे 2.65 पट घन असतात. 20 किलो वाळू साधारण साडेसात लिटर पाणी बाजूला सारते, म्हणून पाण्यात ती साडेबारा किलोचीच लागते. बुडणाऱ्या वस्तूलाही पाणी वर ढकलतंच, फक्त तो जोर पुरत नाही. 'बुडाली म्हणजे प्लावक बल नाही' असं उत्तरपत्रिकेत दरवर्षी कोणीतरी लिहितं. तुम्ही लिहू नका.

माणसाचं शरीर मात्र जवळजवळ पाण्याइतकंच घन आहे. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेक जण तरंगतात, पण फक्त डोक्याचा थोडासा भाग वर राहतो आणि नाक-तोंड बाहेर राहीलच असं नाही. नाक-तोंड वर ठेवायला थोड्याच किलोंचा जास्तीचा आधार लागतो. लाइफ जॅकेट तेवढाच देतं. आत सात-आठ लिटर जागा अडवणारा हलका फोम असला की सात-आठ किलोंची उचल मिळते. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅनसुद्धा जवळजवळ पाच किलोंची उचल देतो. कोळी लोक जाळ्याला असेच कॅन बांधतात. कोणी पाण्यात पडलं आणि आपल्याला पोहता येत नसेल तर मागे उडी मारू नका. मोठ्याने हाक मारा आणि कॅन फेका. जॅकेट होडीच्या टपाखाली गुंडाळून ठेवलेलं असेल तर मात्र आर्किमिडीज काही करू शकत नाही.

पावसाळ्यात होडी जास्त खाली का बसते?

समुद्राचं पाणी खारट, म्हणून घन. एक लिटर गोडं पाणी 1000 ग्रॅम, तर समुद्राचं साधारण 1025 ग्रॅम. खाऱ्या पाण्यात तेवढाच जोर मिळवायला थोडं कमी पाणी सारावं लागतं, म्हणून होडी किंचित वर राहते.

आपली वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचं मुख. उन्हाळ्यात भरतीचं खारं पाणी आत खूपवर चढतं. पावसाळ्यात वरून नदीचं गोडं पाणी लोंढ्याने येतं. आपल्या हिशोबातली होडी माणसांसह 12 टनांची धरली तर गोड्या पाण्यात ती 40 सेंटीमीटर बसेल आणि समुद्रात 39. फरक एकच सेंटीमीटर. म्हणजे पुन्हा पाच माणसं! मोठं जहाज 10 मीटर खोल बसत असेल तर हा फरक 25 सेंटीमीटर होतो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

म्हणून मोठ्या जहाजांच्या बाजूवर एक खूण रंगवलेली असते. वर्तुळ, त्यातून आडवी रेघ आणि शेजारी शिडीसारख्या लहान रेघा. गोड्या पाण्याची रेघ वेगळी, उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. इतकंच भरायचं, याच्या वर नाही. सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या ब्रिटिश खासदाराने यासाठी जहाजमालकांशी भांडण मांडलं होतं. जास्त माल भरलेली जहाजं बुडायची, खलाशी मरायचे आणि मालकाला विम्याचे पैसे मिळायचे. शेवटी 1876 मध्ये कायदा झाला. त्या खुणेला आजही प्लिमसोल रेषा म्हणतात.

(घरी पाहायचं असेल तर एका ग्लासात साधं पाणी आणि दुसऱ्यात भरपूर मीठ घातलेलं पाणी घ्या. दोन्हींत कच्चं अंडं सोडा. खोलवर समजावून सांगायची गरज पडणार नाही.)

कलंडणं

आतापर्यंत आपण 'किती वजन' एवढंच पाहिलं. पण अनेकदा होडी वजनाने तळाला जात नाही, ती कलंडते. वजन कुठे आहे, हा दुसरा प्रश्न.

होडी एका बाजूला झुकली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो. तिथे जास्त पाणी सारलं जातं, म्हणून वर ढकलणारा जोरही त्या बाजूला सरकतो आणि होडीला परत सरळ करतो. होडी स्वतःच सावरते ती अशी. पण त्यासाठी वजन खाली आणि मधोमध हवं. जुन्या गलबतांत माल नसेल तर तळाला दगड भरत, त्याला नीरम म्हणतात. तांडेल "बसा, उभे राहू नका" म्हणून ओरडतो तेही याचसाठी. माणसं उभी राहिली की वजन वर जातं. सगळी एका बाजूला धावली की वजन तिकडे जातं आणि सावरायला जोर पुरत नाही.

आणि तळात साचलेलं पाणी? एका मोठ्या ताटात पाणी घेऊन खोलीभर चालून पाहा. ताट जरा झुकलं की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ताट आणखी झुकवतं. होडीतलं पाणी हेच करतं. वजन वाढवतं ते वेगळंच.

कोकणातल्या जुन्या माणसांना 'रामदास' बोट विचारा. 17 जुलै 1947. गटारी अमावास्येचा दिवस, भर पावसाळा. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट गावी जाणाऱ्या माणसांनी भरलेली होती. वाटेत वारा सुटला, समुद्र खवळला. लाटेचं पाणी आत आलं, घाबरलेली माणसं एका बाजूला सरकली आणि काश्याच्या खडकाजवळ बोट कलंडून बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. देश स्वतंत्र व्हायला महिनाही उरला नव्हता. रामदास लोखंडी बोट होती, चांगली मोठी होती आणि धक्क्यावरून निघताना ती व्यवस्थित तरंगत होती.

वर्गात हे सांगून झाल्यावर मी पाचूबंदरच्या त्या मुलीला विचारलं, "तुझे बाबा होडीत माल कसा भरतात?" ती म्हणाली, "बर्फ तळाला, दोन्ही बाजूंना सारखा. जाळी मधे. आणि फळीवर त्यांनी एक रंगाची रेघ मारलीय, पाणी तिथे आलं की बस." प्लिमसोलचं नाव त्या घरात कोणी ऐकलेलं नाही.

आता तुमची पाळी

वहीत उत्तरं लिहा. आधी विचार करून, मग करून.

1. आपल्या 10 बाय 3 मीटरच्या होडीचं रिकामं वजन 9 टन आणि काठाची एकूण उंची 1 मीटर आहे. गोड्या पाण्यात, काठ कमीत कमी 50 सेंटीमीटर वर राहायलाच हवा असं ठरवलं, तर 60 किलोची किती माणसं घेता येतील? तळात 10 सेंटीमीटर पाणी साचलं असेल तर किती?

2. रो-रोमध्ये जड टेम्पो आधी मधल्या रांगेत का उभे करत असतील?

3. हा शेवटचा मोठ्यांनाही विचारा, बरेच जण चुकतात. एका भांड्यात पाणी घ्या. त्यात स्टीलची वाटी तरंगत ठेवा आणि वाटीत एक दगड ठेवा. भांड्याच्या बाहेरून पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा. आता दगड वाटीतून उचलून पाण्यात सोडा. भांड्यातलं पाणी खुणेच्या वर जाईल, खाली जाईल, की तिथेच राहील? वाळूच्या बादलीचा हिशोब आठवा, उत्तर आधी लिहून ठेवा आणि मगच दगड उचला.